शिबिर संपलं, मुलं शिकली काय?

"आई, शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत. आणि इथे सही कर." कॉलेजात जाणारं मूल घरात असेल तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, नसेल तर यंदा ऐकाल. कागद हातात घेऊन पाहावा तर त्यावर असतं : दोन दिवसांचं निवासी 'टीम बिल्डिंग' शिबिर, स्थळ लोणावळा. खाली रक्कम. ती कुठे हजार-बाराशे असते, कुठे तीन हजारांच्या पुढे. महिन्याच्या यादीतून काय कमी करता येईल याचा हिशेब आपल्या डोक्यात सुरू होतो, आणि मूल तर बूट घालून दारात उभं असतं.

आपण सही करतो. सगळ्यांची मुलं जातात, आपलंच मागे कसं ठेवायचं? पण सही करताना मनात आलेला एक प्रश्न आपण गिळून टाकतो. या दोन दिवसांत मुलं नेमकं काय शिकतात? आणि जे शिकतात ते टिकतं का? सहल असेल तर सरळ सहल म्हणा ना, सहलीला कोण नाही म्हणतंय! पण शिक्षण म्हणून पैसे घ्यायचे तर शिक्षण झालं की नाही हे कोणीतरी पाहायला नको का?

मला हे सगळं जरा जवळून पाहायला मिळालं आहे. मी तळेगावात राहते. घर सांभाळून एका शाळेत अर्धा दिवस शिकवते. आमच्याच संस्थेचं कॉलेज आहे, आणि मुलींबरोबर कोणी बाई हवी म्हणून गेली काही वर्षं शिबिरांना मला पाठवतात. आमच्या मावळात अशा शिबिरांना तोटा नाही. पावसाळा ओसरला की पवना धरणाच्या काठापासून कामशेत, मळवली, लोणावळा-खंडाळ्यापर्यंत तंबू लागतात, बसगाड्या येतात, एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं उतरतात. आधी हा प्रकार कंपन्यांचा होता. कारखान्यांतली, ऑफिसांतली साहेब मंडळी यायची. नोकरी देणारे मुलाखतीत विचारू लागले, "चार जणांत मिळून काम करता येतं का?" म्हणून मग कॉलेजंही आपल्या मुलांना घेऊन निघाली. हेतू चांगलाच आहे. आपल्याकडे बारावीपर्यंत मूल एकटंच घोकतं आणि एकटंच पेपर लिहितं. चौघांत काम कसं करायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

तिथले खेळ मोठे मजेचे असतात. दहा जणांनी गोल उभं राहून एकमेकांचे हात आडवेतिडवे धरायचे आणि हात न सोडता ती गाठ सोडवायची. एका ताडपत्रीवर सगळ्यांनी उभं राहायचं आणि जमिनीला पाय न टेकवता ती उलटी करायची. डोळ्यांवर पट्टी बांधून मैत्रिणीच्या सांगण्यावर चालायचं. पाठमोरं उभं राहून निर्धास्त मागे पडायचं, मागचे झेलतात. कुठे प्लॅस्टिकची पिंपं, बांबू आणि दोर देऊन तराफा बांधायला लावतात, आणि तो पाण्यात तरंगतो की चौघांना घेऊन उलटतो ते काठावरून पाहतात. रात्री शेकोटी, गाणी, आणि हटकून थोडं रडणं.

या खेळांना मी नाक मुरडणार नाही. वर्षभर वर्गात तोंडातून शब्द न काढलेली एक मुलगी ताडपत्रीच्या खेळात "अरे थांबा, आधी त्या कोपऱ्यातल्यांनी सरका!" असं ओरडली आणि सगळे तिच्या सांगण्यावर सरकले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण खरी गोम खेळात नाही, खेळानंतरच्या बोलण्यात आहे. तराफा का उलटला? दोर कोणाच्या हातात होता? कोणी बरोबर सांगत होतं आणि कोणी ऐकलं नाही? यावर निवांत बोलणं झालं तर खेळातून काही हाती लागतं. नुसता अनुभव येऊन माणूस शहाणा होत नाही, त्याच्याकडे वळून पाहावं लागतं. मी गेले होते त्या एका शिबिरात ही चर्चा सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला शिट्टी वाजली. जेवण तयार होतं. जेवणानंतर फोटो होते. चर्चा राहिली ती राहिलीच.

परतीच्या बसमध्ये एक छापील कागद वाटतात. 'शिबिर कसं वाटलं? उत्तम, चांगलं, बरं.' मुलं अंताक्षरी खेळता खेळता 'उत्तम'वर खूण करतात, आणि कॉलेजच्या अहवालात छापून येतं की शिबिर अत्यंत परिणामकारक ठरलं. आता तुम्हीच सांगा, घाटातून खाली उतरताना गात असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला विचारलं तर तो दुसरं काय सांगणार?

प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे कसं पाहावं, यावर डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या. जगभरच्या कंपन्या आजही त्यांचं नाव घेतात. आपल्या भाषेत सांगते. समजा, तुम्ही केकच्या वर्गाला गेलात. वर्ग आवडला, शिकवणाऱ्या बाई गोड बोलल्या, ही पहिली पायरी. कृती समजली आणि लक्षात राहिली, ही दुसरी. घरी येऊन केक केलात, एकदा कौतुकानं नव्हे तर पुन्हापुन्हा, ही तिसरी. आणि वाढदिवसाला बेकरीतून केक आणणं बंद झालं, ही चौथी. बसमधला तो कागद पहिल्या पायरीवरच बसकण मारतो. पैसे मात्र आपण चौथ्या पायरीचे भरलेले असतात.

तिसऱ्या पायरीवर काय होतं ते आता सांगते. एका वर्गात पाच-पाच जणांचे गट करून प्रकल्प दिला होता. विषय छान होता : मावळातला भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची देणगी असलेला इंद्रायणी तांदूळ आमचा शेतकरी कोणत्या भावानं विकतो, आणि तोच पुण्याच्या दुकानात कोणत्या भावानं मिळतो, हे शोधायचं. शिबिर डिसेंबरात झालं होतं, प्रकल्प फेब्रुवारीत द्यायचा होता. त्यातल्या एका गटात तीन मुलगे, दोन मुली. शेकोटीभोवती याच पाच जणांनी गळ्यात गळे घालून "आपण कायम असेच राहायचं" म्हटलेलं मी ऐकलं होतं.

फेब्रुवारीत काय झालं? एकच मुलगी लोकलनं कान्हे-कामशेतला जाऊन शेतकऱ्यांना भेटली. तिनेच तक्ते केले, तिनेच रात्री दोन-दोनपर्यंत जागून सगळं टाइप केलं. दुसरीनं मुखपृष्ठ सजवलं. एका मुलानं दुकानातून छापून आणलं, दुसऱ्यानं बांधून घेतलं. आणि वर्गापुढे उभं राहून बोलला तिसरा, कारण "त्याला बोलता येतं." गुण पाचही जणांना सारखे. जागरणानं त्या मुलीला ताप भरला आणि तिचा अकाउंट्सचा पेपर पडला. तिची आई मला भाजीबाजारात भेटली. हातातली मेथी खाली ठेवून म्हणाली, "बाई, टीम म्हणजे पाच जणांची नावं आणि एकीचं जागरण, असंच असतं का हो?"

या प्रश्नाला माझ्याकडे तिथे उभ्या उभ्या उत्तर नव्हतं. पण नंतर जे वाचलं त्यात सापडलं, की हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. माक्स रिंगेलमान हे फ्रेंच शेतकी अभियंते होते. माणसं दोर ओढतात तेव्हा किती जोर लावतात हे त्यांनी मोजलं आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केलं. एकटा माणूस लावतो तो जोर शंभर धरला, तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकी ९३ उरतो, तिघांत ८५, आणि आठ जणांत ४९. म्हणजे आठ जण दोराला लागले की प्रत्येकाचा जोर निम्म्यावर! थोडा तोटा एकदम न ओढल्यामुळे होतो हे खरं. पण १९७९ मध्ये अमेरिकेत लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या मुलांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून पुन्हा तपासलं. डोळ्यांवर पट्ट्या, कानांत आवाज. आपल्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत असं नुसतं वाटलं तरी मुलं हळू ओरडत. खरं तर ती एकटीच ओरडत होती. पुढे १९८१ मध्ये त्याच मंडळींनी दाखवून दिलं, की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की हा आळस नाहीसा होतो.

मैत्रिणींनो, हे आपल्याला कोणी अमेरिकेतून येऊन सांगायला हवं का? "आमच्याकडे सगळे मदत करतात हो," असं आपण अभिमानानं म्हणतो. पण गॅस संपत आलाय हे कोणाच्या लक्षात असतं? दळण संपलंय, धाकट्याची फी भरायची राहिलीय, सासूबाईंच्या गोळ्या दोनच उरल्यात, हे कोणाच्या डोक्यात असतं? मदत म्हणजे कोणीतरी सांगितलेलं काम करणं. त्यात मनापासून करणारी माणसंही असतात. पण काम अमक्याचं म्हणून ठरलेलं नसलं की ते घरातल्या एकीच्या अंगावर आपोआप येऊन पडतं. त्या प्रकल्पातली ती तीन मुलं वाईट नव्हती. त्यांना विचारलं तर म्हणाली, "आम्ही तिला विचारलं होतं, काही करायचंय का? ती म्हणाली नको."

पुढच्या वर्षी त्या विषयाच्या प्राध्यापकांनी साधी गोष्ट केली. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर कोणाचा भाग कोणता ते लिहायचं, प्रत्येकानं आपल्या भागाखाली सही करायची, आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावर एक प्रश्न. दर शनिवारी दहा मिनिटं गटानं त्यांच्यासमोर बसायचं. एवढंच. शिबिराला बस, तंबू, जेवणं असा खर्च आला होता, याला एक कागद लागला. आणि कामं वाटली गेली. सगळ्या गटांत नाही, पण बहुतेकांत.

मग शिबिर फुकट गेलं का? नाही, तसं मी म्हणणार नाही, कारण एक फरक मला दिसला. शिबिराला जाऊन आलेले गट लवकर भांडले. "तू तुझा भाग केला नाहीस" असं तोंडावर म्हणायची हिंमत त्यांच्यात होती, कारण ओळख होती. जे गट शिबिराशिवाय जमले होते ते शेवटच्या आठवड्यापर्यंत गोड बोलत राहिले आणि मग फुटले. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटांच्या वाढीचे टप्पे मांडले ते असेच आहेत : आधी गट जमतो, मग भांडतो, मग नियम ठरतात, आणि त्यानंतर कुठे काम होतं. सासर-माहेरच्या अनुभवावरून आपल्याला हे पटायला हरकत नाही. दोन दिवसांचं शिबिर पहिल्याच टप्प्यावर गोड होऊन संपतं. भांडणाची वेळ येते ती परतल्यावर, आणि तेव्हा तिथे शिट्टीवाले सर नसतात.

जाणकारांनी निरनिराळे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही या बाजूचाच आहे. १९९९ मध्ये सालास आणि सहकाऱ्यांनी पाहिलं तेव्हा संघबांधणीच्या प्रशिक्षणानं एकूण कामगिरी सुधारते असं ठामपणे दिसलं नाही. उपयोग दिसला तो कोणाची जबाबदारी कोणती हे स्पष्ट करण्यावर भर दिला होता तिथे. २००९ मध्ये क्लाइन आणि मंडळींनी अधिक अभ्यास घेऊन पाहिलं, तेव्हा चित्र जरा बरं निघालं. पण तिथेही ध्येय ठरवणं आणि जबाबदाऱ्या ठरवणं यांचाच परिणाम ठळक होता.

आणि दिवसांचं काय? डोंगर-दऱ्यांतल्या अशा शिक्षणाचं मूळ ज्या आउटवर्ड बाउंड शाळेत शोधतात ती कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे काढली. दुसरं महायुद्ध चालू होतं, आणि तरुण खलाशांना संकटात तग धरायला शिकवायचं होतं. तो वर्ग जवळजवळ महिन्याचा असे. १९९७ मध्ये हॅटी आणि सहकाऱ्यांनी अशा साहसी शिबिरांचे ९६ अभ्यास एकत्र तपासले. परिणाम चांगला दिसला, आणि नवल म्हणजे शिबिरानंतर तो ओसरला नाही, उलट थोडा वाढला. पण वीस दिवसांहून लांबलेल्या शिबिरांत तो अधिक होता. आपण त्या महिन्याच्या औषधाचा दोन दिवसांचा डोस देतो आणि गुण मात्र तेवढाच मागतो.

एका गोष्टीवर मला जरा रागानंच लिहावंसं वाटतं. ती म्हणजे लाल गट विरुद्ध निळा गट. उतरल्या उतरल्या मुलांचे दोन भाग पाडायचे, घोषणा द्यायला लावायच्या, दोन दिवस गुण मोजायचे आणि शेवटी एका गटाला चषक. यानं जोश येतो, पण संघ बांधला जातो का? मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात बावीस मुलांच्या शिबिरात हेच करून पाहिलं होतं. अकरा-बारा वर्षांची मुलं. दोन गट केले, रस्सीखेच लावली, बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं आणि खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर अन्नाची फेकाफेकी. शेवटी उपयोगी पडलं काय? पाण्याचा पुरवठा बंद पडला, तो सगळ्यांनी मिळून शोधावा लागला. जेवण आणणारा ट्रक अडकला, तो ओढावा लागला, आणि तो ओढला रस्सीखेचीच्याच दोरानं. मुलांना न सांगता हे सगळं घडवून आणलं, म्हणून त्या प्रयोगावर पुढे टीका झाली, आणि ती योग्यच आहे. पण ट्रकचा धडा खोटा ठरत नाही. एकत्र मजा केल्यानं माणसं तितकी जवळ येत नाहीत जितकी सगळ्यांचंच अडलेलं काम मिळून केल्यानं येतात.

आमच्या मावळच्या शेतकऱ्याला हे फार आधीपासून ठाऊक आहे. भातलावणीच्या दिवसांत इर्जिक घालतात. आज एकाच्या खाचरात सगळे, उद्या दुसऱ्याच्या. ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. पाऊस थांबून राहत नाही आणि एकट्या घराच्यानं लावणी वेळेत उरकत नाही, म्हणून ही पद्धत. चिखलात ओळीनं वाकलेल्या बायकांत कोण मागे राहिली ते सगळ्यांना दिसतं. शेजारची तिच्या बाजूच्या चार काड्या लावून तिला बरोबर आणते. कोण आलं, कोण आलं नाही, याची नोंद कुठल्या वहीत नसते, पण पुढच्या वर्षी ती बरोबर आठवते. आता मजुरीनं लावणी वाढली, यंत्रं आली, इर्जिक पूर्वीसारखी राहिली नाही. तरी ज्या गावाच्या शेजारी आपण मुलांना 'एकत्र काम' शिकवायला बसनं आणतो, त्या गावाकडे बसच्या खिडकीतूनही कोणी पाहत नाही, हे मला खटकतं.

म्हणूनच मला एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर अधिक मोलाचं वाटतं. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थी घेऊन सुरू झाली. मुलांनी वर्षाला १२० तास काम करायचं आणि सात दिवस एखाद्या गावात राहायचं. टी-शर्ट साधा, झोपायला शाळेच्या वर्गाची फरशी, आणि खर्च पालकांवर फारसा येत नाही. मावळातल्या एका वाडीवर अशा शिबिराला मी गेले होते. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि ती ओढ्यात एकावर एक रचायची. पोती उचलून धावणाऱ्या मुलांनी पहिल्या दिवशी फार जोर दाखवला आणि दुपारपर्यंत कंबरा धरून बसली. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना हातभर अंतरावर रांगेत उभं केलं. पोतं या हातातून त्या हातात. कोणी धावायचं नाही. त्या रांगेत किडकिडीत मुलगीही होती आणि व्यायामशाळेत जाणारा मुलगाही, आणि रांगेचा वेग मुलीच्या वेगाएवढा. सातव्या दिवशी बंधाऱ्यामागे पाणी साचलं. ते साचलं नसतं तर फॉर्मवर 'उत्तम' लिहूनही साचलं नसतं.

पण तिथेही स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी काय झालं असेल, सांगा पाहू? बरोबर. मुली पोळ्या लाटायला आणि मुलं घमेली उचलायला. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. जेवणं उरकून भांडी होईपर्यंत बाहेर चर्चासत्र सुरू झालेलं असे, आणि मुली मागून येऊन शेवटच्या ओळीत बसत. मी शिबिरप्रमुखांना म्हटलं, फळ्यावर पाळ्या लिहा. रोज चार मुलं, चार मुली स्वयंपाकात. भांडी घासून झाल्याशिवाय सत्र सुरू करायचं नाही. ते लगेच तयार झाले. पुढचे दोन दिवस आम्ही पोळ्यांऐवजी नकाशे खाल्ले. पाचव्या दिवशी एका मुलानं गावातल्या मावशींकडून तांदळाची भाकरी थापायला शिकून घेतली, आणि मग त्याला चुलीपासून उठवणं कठीण झालं. मुलींचा हात कुदळीवर बसला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळच्या सत्रात त्या पहिल्या ओळीत आल्या आणि बोलू लागल्या. मला विचाराल तर सात दिवसांतलं संघबांधणीचं सगळ्यात मोठं काम त्या फळ्यानं केलं.

आता कागद तुमच्यापुढे आला तर काय करायचं? पैसे नाहीत म्हणून मूल मागे राहणार असेल तर आधी कॉलेजात स्पष्ट विचारा. हप्ते किंवा सवलत देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मग विचारा की खेळानंतर चर्चेला किती वेळ ठेवलाय आणि ती घेणार कोण : शिबिरवाले की वर्गावर शिकवणारे प्राध्यापक? प्राध्यापक सबंध वेळ बरोबर असतील तर उत्तम, कारण सोमवारी मुलांसमोर तेच असणार आहेत. शिबिरानंतर महिन्या-दीड महिन्यानं कोणी पुन्हा पाहणार आहे का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी याला उत्तर मिळणार नाही. तरी विचारा. दहा आयांनी विचारलं की अकरावीला उत्तर मिळतं. प्रशस्तिपत्राचं मात्र फार मनावर घेऊ नका. नोकरीच्या मुलाखतीत 'एकदा गटात अडचण आली तेव्हा तू काय केलंस?' असं विचारतात, आणि तिथे प्रशस्तिपत्र बोलत नाही.

मुलीची आई असाल तर झोपायची सोय, संडास-न्हाणीघराची सोय आणि रात्री बरोबर कोण बाई आहेत, हे न संकोचता विचारा. पाळीच्या दिवसांत पाण्यातला खेळ नको असेल तर नाही म्हणायची मोकळीक आहे का? मागे पडून झेलायच्या खेळात कोणाला भाग घ्यायचा नसेल तर तिला भित्री ठरवत नाहीत ना? विश्वास जबरदस्तीनं शिकवता येत नाही.

आणि दिवस कोणते, ते सगळ्यात आधी पाहा. जून ते सप्टेंबर आमच्याकडचा पाऊस दिसायला सुंदर आणि वागायला बेभरवशाचा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं पाहता पाहता वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांच्या गर्दीनं कोसळला, त्यात चौघं गेली. डोंगरात कोणी अडकलं की लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'ची पोरं दोर घेऊन निघतात, रात्र असो की पाऊस. मावळात संघ म्हणजे काय ते पाहायचं तर त्यांच्याकडे पाहावं. पण त्यांना बोलवायची वेळच कशाला आणायची? पावसाळ्यात ओढा, धबधबा, धरणाचा काठ असा कार्यक्रम असेल तर तारीख बदलून मागा. डिसेंबर-जानेवारीत लोहगड चढायला सुखाचा असतो. मळवलीला उतरून भाज्यावरून चालत जाता येतं, आणि २०२५ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असल्यानं मुलांनाही जायची हौस असते. तिथे नेणाऱ्यांना एकच विनंती करा, की सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा. धावणारे पुढे गेले तर वर पोहोचून फोटो काढत बसतात आणि मागे राहिलेली एकटी मुलगी गणेश दरवाजापाशी दम टाकत असते.

मूल परत आलं की पहिल्या दिवशी त्याला काही विचारू नका, ते झोपणार आणि कपड्यांचा ढीग टाकणार. तीन-चार आठवड्यांनी, जेवताना, सहज विचारा : तुमच्या गटात सध्या काम कोणतं चाललंय? त्यातलं तुझं कोणतं? लिहून कोण काढतंय? आणि न आलेल्याला कोणी विचारलं का? उत्तर जर "आमच्यात एक मुलगी आहे ना, ती करते सगळं" असं आलं, तर ताट बाजूला सारू नका, आवाजही चढवू नका. तिचं नाव विचारा, आणि उद्याच्या उद्या तिच्याकडून आपला भाग मागून आणायला सांगा.